पडद्याची दोरी

चौकटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान, त्यातून माणूसही चारी बाजूंनी काटकोनात वागणारा, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. तोंडावर सगळे ‘फ्रेमवाले’ म्हणत, पाठ फिरली की चौकटराव. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग यायच्या ऐवजी आतून जरा बरंच वाटायचं. लोक ज्याला नाव ठेवतात तो कुणीतरी असतो, असं त्यांचं मत.

दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे काचा, लाकडी पट्ट्या, पुठ्ठे आणि सरसाचा वास. पलीकडे ताई. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोन वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, शिंप्यांची काजं-बटणं करून देणारी. चौकटरावांची बायको जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. आता घरात ही दोन म्हातारी माणसं, आणि तिसरा भिंतीवर. तो तिसरा म्हणजे कॅप्टन.

कॅप्टनबद्दल ज्याने ऐकलं नाही असा माणूस त्या गल्लीत सापडायचा नाही. चुकून एखादा सापडलाच, तर त्याने पाच मिनिटं दुकानात उभं राहावं, सहाव्या मिनिटाला सगळं कळायचं. साहेबाच्या राज्यातला अस्सल गोरा साहेब, चौकटरावांचा पणजोबा. फोटोत खुर्चीत बसलेला. बंद गळ्याचा कोट, मांडीवर आडवी तलवार, मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबू ठरावं. खुर्चीला लागून दोनेक वर्षांचं पोर उभं, ते चौकटरावांचे आजोबा. पोराचा एक हात खुर्चीवर. दुसरा वर उचललेला, आणि मनगटापासून पुढे गायब. म्हणजे कापलेला नव्हे; फोटो आणि चौकट यांच्या मध्ये पुठ्ठ्याची जी रुंद पट्टी असते, जिला दुकानात माउंट म्हणतात, तिच्याखाली गेलेला.

गिऱ्हाईक हटकून विचारायचं, “पोराचा हात कुठे गेला हो?”

“पडद्याची दोरी धरलीय,” चौकटराव सांगायचे. “फोटोवाल्याकडे मागे रंगवलेला पडदा असायचा ना, त्याची दोरी.”

इतक्या वेळा सांगितलं, की त्यांना स्वतःलाही कधीकधी ती दोरी दिसायची.

कॅप्टन सगळीकडे चालायचा. पोस्टात रांग मोडायला चालायचा, मुलीच्या शाळेत प्रवेश घेताना चालला होता. गटाराच्या भांडणातही चालला. “आमच्या पणजोबांनी फौज सांभाळली, आणि मला गटार सांभाळायला सांगता?” असं चौकटराव गरजले, तेव्हा समोरचा म्हणाला, “मग फौज बोलवा की, चार माणसं तर लागतीलच.” रंगाने चौकटराव भाजलेल्या विटेसारखे. “कॅप्टनचा गोरेपणा वाटेत कुठे उतरला?” असं कुणी छेडलं, की ते चष्मा काढून डोळे दाखवायचे. डोळे मात्र घारे, मांजराच्या पिलासारखे. तिथे सगळ्यांची तोंडं बंद.

आता ताईचं लग्न का झालं नाही ते. गल्लीत ही गोष्ट हळू आवाजात सांगतात, तेव्हा आपणही जरा हळूच.

बेचाळीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचा मुलगा आपल्या बापाला घेऊन या घरी मागणी घालायला आला होता. मुलगा चौकटरावांच्याच वर्गातला, शाळेत एका बाकावर बसलेले. ताई आणि तो एकमेकांना पसंत होते, हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा माहीत. चौकटरावांच्या वडिलांनी पाहुण्यांना बसू दिलं, बोलू दिलं, आणि मग भिंतीकडे बोट केलं. “हे कोण ते बघा. आणि तुम्हीच सांगा, या माणसाच्या पणतीने इस्त्रीच्या कोळशाला फुंकर घालत बसायचं का?”

बाप उठलाच. मुलगा मात्र उठेना. फोटोकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. चौकटराव तेव्हा चोवीस वर्षांचे, नवं दुकान, जीभ नव्या करवतीसारखी. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, “सुरकुत्या इस्त्रीने जातात राव, कूळ इस्त्रीने येत नाही.”

वडील खो खो हसले. पडद्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला; बटणांचा डबा असावा.

त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली, ती आजतागायत. चर्चची वस्त्रं धुवायचं काम ताईकडे. वेदीवरची मोठी चादर, लहान रुमाल, सगळं ती घरी धुते आणि इस्त्रीला नेते तीन गल्ल्या पलीकडच्या दुकानात. कोपऱ्यावरची लाँड्री घरापासून वीस पावलांवर. ताई तिच्यासमोरून जाते, मान खाली घालून, आणि तीन गल्ल्या चालते. बेचाळीस वर्षं. आता तर गुडघे जिन्यासारखे करकरतात. का जाते, हे घरात कुणी कधी विचारलं नाही. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो प्रश्न विचारत नाही.

तर यंदा चर्चला दीडशे वर्षं पुरी व्हायची होती. स्मरणिका निघणार, पहिल्या पानावर सगळ्यात जुन्या घराण्याचा फोटो. पाद्रीसाहेबांनी नुसतं विचारायचा अवकाश, चौकटराव उभे राहिले. घरी येईस्तोवर त्यांनी अकरा जणांना सांगितलं होतं. घरी आल्यावर बारावी ताई.

“कॅप्टन पहिल्या पानावर,” ते म्हणाले.

“बरं,” ताई म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

चर्चच्या कचेरीत जुन्या वह्या सांभाळायला एक बाई होती, तिशीची, चष्म्याआडून बघणारी. सगळे तिला नोंदवहीवाली म्हणत. ती म्हणाली, “काका, फोटो तर घेऊच. पण खाली लिहायला काहीतरी लागेल ना? लग्नाची तारीख, पलटणीचं नाव, झालंच तर कुठे पुरलंय ते.”

“अहो, एवढा मोठा माणूस, ढिगाने सापडेल!”

सापडेना. लग्नाच्या वहीत तीस वर्षं चाळली, कॅप्टन नाही. पुरल्याच्या वहीत साहेब पुष्कळ होते. कुणी तापाने गेलेला, कुणी दारूने, एक तर झाडावरून पडून. आपला नाही. फौजेतल्या माणसांची वेगळी यादी होती, तिच्यात स्वयंपाकी आणि बँडवालेसुद्धा होते, पण कॅप्टन नव्हता.

“मोहिमेवर असेल,” चौकटराव म्हणाले.

“तीस वर्षं, काका?”

“मोठ्या मोहिमा असायच्या तेव्हा.”

बाईने चष्मा पुसला. हसू पुसायची तिची तीच रीत. रोज संध्याकाळी घरी ताई विचारायची, “सापडला का रे?” आणि ते सांगायचे, “मोठी माणसं लवकर सापडत नसतात.”

अकराव्या दिवशी नोंदवहीवालीनेच डोकं चालवलं. “बापाचं राहू द्या. आजोबांचा बाप्तिस्मा बघू. पोरावरून बाप काढू.” तिने वही उघडली, बोट खाली खाली सरकवलं आणि थांबवलं. चौकटराव शेजारून वाकले. आजोबांचं नाव बरोबर होतं, साल बरोबर होतं. आईच्या रकान्यात लिहिलं होतं: धोबीण, तळ्यावरची. बापाच्या रकान्यात कॅप्टनचं नाव होतं, आणि त्यावर काळ्या शाईची एक आडवी रेघ. सरळ, पट्टी धरून मारलेली. शेजारी समासात बारीक अक्षरात शेरा: कोर्टाच्या निकालावरून नाव कमी केले. पुढे दाव्याचा नंबर आणि वर्ष.

चौकटरावांनी काय करावं? पंजा उघडून आईच्या रकान्यावर ठेवला. जणू वाऱ्याने पान उडेल.  बाईने उगीच खिडकीकडे पाहिलं.

“काका, चहा मागवू?”

“ही ओळ,” ते म्हणाले, “ही छापायला लागते का?”

“नाही छापली तरी चालेल. फोटो द्या फक्त. मंगळवारपर्यंत.”

वहीवरून पंजा उचलायला त्यांना वेळ लागला. आपण तो बरोबर कशावर ठेवला होता हे बाईने पाहिलंय, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना ते कळलंय हे तिलाही.

कोर्टात न जाता राहता आलं असतं. बाई कुणाला सांगणारी नव्हती. पण चौकटराव शुक्रवारी गेले, कारण मनात एक वेडी आशा होती: काही चूक असेल. कारकुनाने दुसऱ्याच कुणावर रेघ मारली असेल. कॅप्टन मानी माणूस, अब्रूसाठी लढला असेल.

कोर्टाचं दफ्तर तळघरात. तिथला दफ्तरवाला कानावर पेन्सिल अडकवलेला, दर दोन वाक्यांनी शिंकणारा. “माफ करा हं,” तो म्हणाला, “सव्वाशे वर्षांच्या खोट्या शपथा आहेत, त्यांची धूळ नाकात जाते.” लाल कापडाचा गठ्ठा सोडला आणि साहेबाच्या भाषेतला मजकूर आपल्या भाषेत मोठ्याने वाचायला लागला. शेजारच्या टेबलावर दोघं जण जमिनीचे कागद शोधत होते. त्यांचे कान इकडे वळले.

“जरा हळू वाचा,” चौकटराव म्हणाले.

“साहेब, ऐकू येत नाही, मोठ्याने वाचा, असं सगळे म्हणतात. हळू वाचा म्हणणारे तुम्हीच पहिले.”

आणि हळू काही त्याने वाचलं नाही.

धोबिणीने दावा घातला होता, हे मूल या साहेबाचं आहे, त्याने ते आपलं म्हणावं. साहेबाचा हुद्दा: सरकारी तबेल्यातला दुय्यम देखरेख्या, घोड्यांच्या चंदीची, म्हणजे दाण्याची, मोजदाद ठेवणारा.

“कॅप्टन?” चौकटरावांनी विचारलं.

दफ्तरवाल्याने पान उलटून पालटून पाहिलं. “घोडे असतील कॅप्टनचे.”

शेजारच्या टेबलावरचा एक जण खोकला.

साहेबाने शपथेवर सांगितलं होतं: ही बाई माझे कपडे धुते, बाकी मी तिला ओळखत नाही. बाईने पुरावा म्हणून एक फोटो आणला होता, आम्ही तिघं एकत्र आहोत बघा म्हणून. साहेबाने त्यावर सांगितलं: बाई धुतलेला कोट द्यायला फोटोवाल्याकडे आली होती, ती मध्येच शिरली. मूल शेजारी असलं की फोटो भरल्यासारखा दिसतो असं फोटोवाला म्हणाला, म्हणून तिचं मूल उभं केलं. तलवारही फोटोवाल्याचीच. बाई म्हणाली, पोराचे डोळे बघा. न्यायाधीशाने लिहून ठेवलं होतं: डोळ्यांचा रंग हा पुरावा होत नाही.

“दावा फेटाळला,” दफ्तरवाला म्हणाला आणि शिंकला. “पुराव्याला आमच्यात निशाणी म्हणतात. ही बघा, निशाणी सात, फोटो एक. निकालानंतर बाईस परत दिला. हा तिचा अंगठा.”

अंगठा निळसर होता, मध्ये झिजलेला. रेषा फारशा उमटल्याच नव्हत्या. सोडा आणि दगड यांनी खाल्लेला अंगठा.

दफ्तरवाल्याने गठ्ठा बांधता बांधता चौकटरावांकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “कोर्टाने फेटाळलं खरं, साहेब. तुमचे डोळे मात्र काही हुकूम मानत नाहीत.”

एरवी चौकटरावांनी चष्मा काढून दाखवला असता. त्यांनी तो नाकावर घट्ट दाबून धरला आणि जिना चढले.

आता इथे आपल्याला वाटेल, बिचाऱ्याला धक्का बसला असेल. बसला, पण ज्याचा बसायला हवा त्याचा नाही. खरी गोची वेगळीच होती, आणि ती फक्त त्यांना एकट्याला ठाऊक होती.

दुकान काढलं त्या पहिल्याच वर्षी खाटकाने आपल्या आजोबांचा फोटो चौकटीला आणला होता. खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, मांडीवर तलवार. तलवारीच्या मुठीला पोचा. महिन्याभराने बेकरीवाल्याच्या घरचा फोटो आला: तीच तलवार, तोच पोचा. चौकटरावांनी आपला कॅप्टन खाली उतरवून भिंग लावलं. पोचा तिथेही होता. बेकरीवाल्याचा आजोबा जन्मभर पाव भाजत होता. तो काही लढाईला गेलेला नव्हता. हे सगळं चौकटरावांना तेव्हाच कळलं होतं, आणि त्यांनी गप्प बसायचं ठरवलं होतं.

आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, लाँड्रीवाले यायच्या आदल्या दिवशी, वडील दुकानात आले. तेव्हा कॅप्टन साध्या चौकटीत होता, माउंटशिवाय. फोटोच्या उजव्या कडेला एक बाई उभी होती, पोराचा हात धरून. घरात कुणी तिच्याबद्दल बोलत नसे. बोलायची वेळ आलीच तर ‘पोर सांभाळायला ठेवलेली’ म्हणायचं.

“उद्या पाहुणे बारकाईने बघतील,” वडील म्हणाले. “ती कडेची बाई झाक.”

चौकटरावांनी माउंट कापला. खिडकी उजवीकडून दोन बोटं आत घेतली. बाई बरोबर गेली, पोराचा हात तेवढा अर्धा राहिला. फोटोच्या पाठीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आणि सातचा आकडा होता. फोटोवाल्याचा नंबर असेल म्हणून त्यांनी त्यावर पुठ्ठा ठेवला आणि वरून खाकी कागद चिकटवला. सरस छान लावला होता. स्वच्छ काम म्हणून मनात शाबासकीही दिली होती.

म्हणजे साहेबाने तिला शपथेवर फोटोबाहेर काढलं, आणि जे उरलं ते पणतवाने पुठ्ठ्याने केलं.

शनिवार गेला, रविवार गेला. चौकटराव गिऱ्हाइकांशी तुटक बोलायला लागले. एकाने विचारलं, “पोराचा हात कुठे गेला?” तर “मला काय माहीत!” असं वसकन अंगावर गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणायचे. ठेवली तर अजूनही झाकलेलीच होती. मंगळवारी माउंटसकट फोटो द्यायचा, पहिलं पान, सगळे टाळ्या वाजवणार. कुणाचं काही बिघडत नव्हतं. भिंतीवरच्या पोराकडे मात्र त्यांना बघवेना. सव्वाशे वर्षं हात वर करून उभं, आणि बेचाळीस वर्षं हातात कुणी नाही.

सोमवारी दुपारी ताई रुमालांचा गठ्ठा घेऊन तीन गल्ल्यांवरून परत आली. उंबऱ्याशी थांबली, दाराची चौकट धरली, मग एक पाय उचलून आत ठेवला, मग दुसरा. खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबत राहिली. तक्रार नाही, उसासा नाही. कपाळावरचा घाम पुसायच्या आधी तिने रुमालांची घडी विस्कटली नाही ना ते पाहिलं.

 चौकटराव उठले, स्टुलावर चढले, कॅप्टनला खाली घेतलं. टेबलावर पालथा घातला, खाकी कागद सुरीने सोडवला, खिळे वाकवले, पुठ्ठा काढला. शिक्का वर आला. मग माउंट उचलला. बेचाळीस वर्षं उजेड न लागलेली ती पट्टी बाकीच्या फोटोपेक्षा गडद, टवटवीत होती. साहेब पार पिवळा पडला होता. बाई मात्र काल फोटो काढल्यासारखी.

“ताई, जरा इकडे ये.”

“तूच आण. मी आत्ता बसलेय.”

त्यांनी नेला. ताईने काजं करायचं भिंग उचललं.

“ही ती पोर सांभाळायला ठेवलेली ना?”

“पणजी.”

“कुणाची?”

“आपली.”

ताईने भिंग कडेवर नेलं. “पोराने हिचं बोट धरलंय.”

“हो.”

“दोरी नव्हे.”

“नव्हे.”

“काय करायची ही?”

“कपडे धुवायची. इस्त्रीपण.” मग त्यांनी कोर्टातलं सगळं सांगितलं, चंदी, शपथ, निशाणी, अंगठा. सांगताना नजर टेबलाच्या पायावर. ताई ऐकत होती. हातातलं अर्धं काज तिने खाली ठेवलं नव्हतं.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

शुक्रवारी, हे उत्तर जिभेवर तयार होतं. खोटंही नव्हतं. नोंदवहीवाली साक्षीला होती, दफ्तरवाला साक्षीला होता. एक शब्द, आणि बेचाळीस वर्षांचं ओझं वडिलांच्या थडग्यावर नेऊन ठेवता आलं असतं.

“धोबीण होती हे शुक्रवारी,” ते म्हणाले. “बाई कडेला होती हे तर तुलाही ठाऊक. झाकली मीच. ते लोक यायच्या आदल्या दिवशी, बाबा म्हणाले म्हणून. आणि तलवार फोटोवाल्याची हे… हे त्याच्याही आधी.”

“किती आधी?”

“सहा महिने.”

ताईने एक टाका घातला. मग दुसरा. पडद्यापलीकडे दुकानाच्या दारात कुणीतरी “आहे का कुणी?” करून निघून गेलं.

“आणि ते सुरकुत्यांचं बोललास, ते बाबांनी शिकवलं होतं?”

“नाही. ते माझंच.”

“वाटलंच,” ताई म्हणाली. “बाबांना एवढं सुचायचं नाही.”

ती रडली असती, ओरडली असती, भिंग फेकून मारलं असतं, तर चौकटरावांना सोसवलं असतं. तिने काज पुरं केलं, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाली, “काचेवर टिपं गाळू नकोस, डाग पडतात.” काच टेबलावरच होती. त्यांनी ती निमूट बाजूला सरकवली.

“वेदीची मोठी चादर राहिलीय इस्त्रीची,” ती म्हणाली. “आज मला एकदम दोन्ही ओझी नेववली नाहीत.”

“मी नेतो उद्या. तिकडे, तीन…”

“उद्या नाही. आणि तिकडे नाही. कोपऱ्यावर.”

“मी?”

“मग कोण? कॅप्टन?” तिने भिंग पुसून ठेवलं. “आणि फोटोही ने. असाच. उघडा.”

वीस पावलं. चौकटराव त्या गल्लीत जन्मले, वाढले, म्हातारे झाले. पण वीस पावलं इतकी लांब असतात हे त्यांना माहीत नव्हतं. काखेत चादर, हातात बिनचौकटीचा फोटो. दोघातिघांनी पाहिलं आणि कधी नव्हे ते कुणीच काही बोललं नाही. चौकटराव लाँड्रीकडे निघालेत, ही बातमीच एवढी मोठी होती की त्यावर थट्टा सुचेना.

तेव्हाचा तो मुलगाच आता लाँड्रीवाला, सदुसष्टीला टेकलेला. लग्न, मुलं, नातवंडं, सगळं यथास्थित. त्याच्या मुलाने विजेच्या इस्त्र्या आणल्या होत्या, पण मोठ्या कापडाला तो स्वतः जुनीच जड इस्त्री घ्यायचा. बेचाळीस वर्षांत त्याने चौकटरावांना एकही टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

“काय रे?” तो म्हणाला.

“चादर. चर्चची.”

त्याने चादर घेतली, कुणाची धुलाई ते हातालाच ओळखू आलं असावं. पसरली, पाणी शिंपडलं, इस्त्री उचलली. चौकटराव उभेच.

“अजून काही?”

“त्या दिवशी मी जे बोललो… तुला आता आठवत नसेल, पण…”

“सुरकुत्या इस्त्रीने जातात,” लाँड्रीवाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नजर चादरीवर. इस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. “पुढचं तू म्हण.”

चौकटरावांनी तोंड उघडलं. “कूळ…” एवढं म्हणाले आणि फोटो या हातातून त्या हातात घेतला. लाँड्रीवाला थांबला, खरोखर वाट बघत. इस्त्रीखालून वाफ निघत होती. शेवटी त्याने ती उचलून लोखंडी ठोकळ्यावर ठेवली.

“राहू दे. हातात काय आहे?”

चौकटरावांनी फोटो चादरीवर ठेवला. लाँड्रीवाल्याने हात कमरेला गुंडाळलेल्या जुन्या पंच्याला पुसले आणि वाकून पाहिलं. कडेच्या बाईकडे त्याची नजर गेलीच नाही. निदान आधी नाही. त्याने न टेकवता कोटावर बोट धरलं.

“त्या दिवशीही मी हेच बघत होतो,” तो म्हणाला. “तुझे बाबा काय बोलत होते तिकडे माझं लक्षच नव्हतं. बंद गळ्याचा कोट, कॉलर बघ कशी बसलीय. बाही बघ. बसलेल्या माणसाच्या कोटाला एवढी घडी राहत नाही, जीव ओतावा लागतो. मला तेव्हाच विचारायचं होतं, पण तू बोललास आणि राहून गेलं.” त्याने वर पाहिलं. “कुणी केलीय रे ही इस्त्री?”

चौकटरावांची मान खालीच होती. तिथून त्यांना चादर दिसत होती, फोटोची कड दिसत होती, आणि पोराच्या मुठीत धरलेलं एक बोट.

“माझ्या पणजीने,” ते म्हणाले.

लाँड्रीवाल्याने आता बाईकडे पाहिलं. बराच वेळ. मग फोटो दोन्ही हातांनी उचलून परत दिला आणि इस्त्री हातात घेतली.

“चादर तासाभराने ने,” तो म्हणाला. “आणि तिला सांग, तिकडचा माणूस रुमालाच्या कडा जाळतो. लांबूनसुद्धा दिसतं मला.”